मी सगळ्यांना दिसतो

३ डिसेंबर, सकाळी ७

ही वही आजपासून फक्त मोटारसायकलसाठी. गुडघा आणि सोसायटीच्या मीटिंगा जुन्या वहीत.

काल बाजाराबाहेर उभ्या असलेल्या एका कारचं दार उघडलं आणि मी थोडक्यात वाचलो. दार आधीपासून उघडंच होतं, असं त्या बाईंचं म्हणणं. पाच मिनिटं उघडं होतं म्हणे. लोकांना चूक कबूल करायला फार जड जातं.
चूक: बाईंची.

घरी सांगायला नको होतं. बायकोने, अलकाने, अट घातली. चौदा जानेवारीला आमच्या दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळाची मोटारसायकल फेरी पानिपतला जाणार आहे, काला आंबच्या युद्धस्मारकाला मानवंदना द्यायला. हणमंतराव सेक्रेटरी. त्यांनी पुढची गाडी मला दिली आहे. अकरा जण मागे, मी पुढे, भगवा माझ्या गाडीला. आयुष्यात मला कोणी पुढे उभं केलेलं नाही, ग्रुप फोटोतसुद्धा. अलकाची अट अशी की तोवर आणखी तीनदा 'थोडक्यात' झालं की किल्ली तिच्या मोहरीच्या डब्यात, आणि पानिपतला बसने.

विचार केला. माणूस रस्त्यावर का मरतो? दुसऱ्याला दिसत नाही म्हणून. तेव्हा उपाय एकच. दिसायचं.

५ डिसेंबर

फ्लोरोसेंट जॅकेट आणलं, पिवळं. चमकणाऱ्या पट्टीची दोन रिळं आणली. हेल्मेट, मडगार्ड, आरसे, बूट, डिकी, सगळीकडे चिकटवली. मी अकरावी नापास, पण वायरिंगपासून होमिओपॅथीपर्यंत सगळं बघून बघून शिकलो. फोनवर या विषयाचे चौदा व्हिडिओ पाहिले. पैकी नऊ इंग्रजीत. समजले.

तनया, आमची मुलगी, ऑफिसातून आली आणि म्हणाली, "बाबा, टेम्पो दिसताय यार."
दिसतोय ना? झालं तर.

६ डिसेंबर

जॅकेट घालून दूध आणायला गेलो. परतताना गार्डने सर्व्हिस लिफ्टकडे बोट दाखवलं. मी या सोसायटीत बारा वर्षं राहतो. त्याने म्हटलं, अंकलजी, पहचाना नहीं, सफाईवाले समझे.
ओळखलं नाही, पण पाहिलं. प्रयोग यशस्वी.

११ डिसेंबर

गाय. भर रस्त्यात बसलेली. इंडिकेटर नाही, दिवा नाही, पट्टी नाही. शेवटच्या क्षणी हँडल वळवलं, एका छोलेवाल्याच्या गाड्याला खेटून निघालो. गाय ढिम्म. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, एवढं जॅकेट घालून.
चूक: गायीची.

जनावर आहे म्हणून मोजणीत धरू नये, अशी विनंती केली. अलकाने धरलं. एक.

१५ डिसेंबर, सकाळी १०

दिल्लीचं प्रसिद्ध धुकं सुरू झालं. आणि यंदा काय धुकं आहे! मेट्रोचे खांब एकदम अंगावर येतात. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती मोठं वलय, देवाच्या फोटोत असतं तसं.

अलका म्हणाली, कसलं धुकं, बाल्कनीत कडकडीत ऊन आहे, लोकर वाळत घातलीये. मी समजावलं की आपण चौदाव्या मजल्यावर राहतो. वर ऊन, खाली धुकं. साधा भूगोल.

१८ डिसेंबर

तनयाने परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. मी फोन करून रद्द केली. रस्त्यावर मी दुसऱ्यांना दिसतो का, हा प्रश्न आहे. मला दिसतं का, हा नाही. या घरात मूळ मुद्दा कोणी समजूनच घेत नाही.

चष्मा माझा अगदी नवा आहे. लॉकडाऊनच्या आधीचा.

२२ डिसेंबर

सेक्टरच्या वळणावर रातोरात दुभाजक बांधला. ना बोर्ड, ना सूचना. डावा फूटरेस्ट वाकला, नडगी सोलली. पानवाल्याला विचारलं, हे कधी बांधलं? तो म्हणाला, अंकल, मेरी दुकान से पुराना है.
चूक: पालिकेची.

नीट विचार करून पाहिलं. हे 'थोडक्यात वाचलो' नव्हे, कारण वाचलो नाही. लागलंच. त्यामुळे हे अटीत बसत नाही. अलकाला सांगितलं, बेसमेंटमध्ये पाय घसरला. तिने हळद लावली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

२८ डिसेंबर

फेरीची रंगीत तालीम. सकाळी नऊला बाराही गाड्या हजर. मी पुढे, भगवा फडफडतोय. हणमंतरावांनी सर्वांना बजावलं होतं की फक्त पिवळ्या जॅकेटमागे यायचं, दुसरीकडे बघायचं नाही.

हायवेवरचा मोठा बोर्ड दिसला, त्याखालून गाडी घातली. तो बोर्ड नव्हता. लग्नाच्या लॉनची कमान होती, झेंडूची. बाराही गाड्या एका गुप्ता परिवाराच्या मांडवात शिरल्या. एकही चुकला नाही. दिसण्याची ताकद म्हणतात ती ही. नवरदेवाच्या काकांनी आम्हाला बँडवाले समजून आधी जिलेबी दिली, मग वाजवायला सांगितलं.

बाहेर आल्यावर हणमंतरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पद्माकरराव, बोर्ड वाचला नाहीत का?" मी म्हटलं, हिंदीत होता. ते चाळीस वर्षं दिल्लीत आहेत. मग मलाच आठवलं की लिपी एकच आहे.
चूक: गुप्तांची. कमान एवढी मोठी कशाला?

हणमंतरावांनी घरी फोन केला असावा. अलका म्हणाली, दोन. मी म्हटलं, कोणाला धक्का लागला नाही. ती म्हणाली, लागला असता तर दोनवर थांबले नसते.

१ जानेवारी

संकल्प: यंदा एकदाही थोडक्यात वाचायचं नाही. हेल्मेटच्या मागे लुकलुकणारा लाल दिवा बसवला. हॉर्न बदलला, आता ट्रकचा आहे. लिफ्टजवळ एकदा वाजवून पाहिला. सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याबद्दल एकवीस मेसेज. म्हणजे आता ऐकूही येतो.

५ जानेवारी

जेवताना अलकाने विषय काढला. म्हणाली, "सासूबाईंनाही असंच धुकं दिसायचं. सांगलीला. मे महिन्यात."
मी म्हटलं, सांगलीचं हवामान पूर्वीपासून विचित्रच.
मग ती मोतीबिंदू म्हणाली. तनयाला वाटलं कानातलं काहीतरी. दिल्लीत वाढलेली पोर, तिला कोण समजावणार. मी पापड घेतला आणि विषय बंद केला. माझ्या आईला काय झालं होतं ते मला माहीत आहे. ती म्हातारी होती. एकोणसत्तर वर्षांची.

मी नोव्हेंबरमध्ये अडुसष्ट पूर्ण केली.

१० जानेवारी

चार दिवस राहिले. मोजणी दोनवर. आज गाडी बाहेर काढलीच नाही, शून्य चुका. ही पद्धत आधी का सुचली नाही?

१२ जानेवारी, सकाळी ११.३०

हणमंतरावांकडून झेंडे आणायला निघालो. जॅकेट वर विसरलं. परत कोण जातो, म्हणून निघालो तसाच.

बेसमेंटच्या रॅम्पवरून वर आलो. वर एकदम ऊन. सगळं पांढरं. धुकं म्हणवत नाही, पांढरंच. मी रोजच्या अंदाजाने गेटकडे गाडी घातली.

गार्ड ओरडला. ब्रेक दाबला.

पुढच्या चाकापाशी अलका उभी होती. जॅकेट द्यायला लिफ्टने खाली आली होती. हातात हणमंतरावांसाठी तिळाच्या लाडवांचा डबा, म्हणून जॅकेट तिने अंगातच घातलं होतं. एक हात वर केला होता, मला थांबवायला. गार्ड म्हणतो, मैडम कब से हाथ हिला रही थीं.

डबा पडला. लाडू रॅम्पवरून बेसमेंटपर्यंत घरंगळत गेले.

ती ओरडली नाही. तिने जॅकेटकडे पाहिलं, वर उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी पण दिसले नाही?"

चूक:

१३ जानेवारी

डॉक्टरांकडे गेलो. तनया सोबत होती. भिंतीवरची वरची दोन अक्षरं सांगितली, पैकी एक अंदाजाने. दोन्ही डोळे. उजवा पार पिकलाय. डॉक्टरांनी विचारलं, गाडी कौन चलाता है. मी म्हटलं, ड्रायवर है. तनया काही बोलली नाही. पोर गुणी आहे.

किल्ली अलकाने मागितली नव्हती. मीच मोहरीत ठेवली. डबे एकसारखे, पहिल्यांदा जिऱ्यात गेली.

१४ जानेवारी

बसने. पुढच्या गाडीवर हणमंतराव, अंगात माझं जॅकेट, गाडीला माझा भगवा. मी खिडकीशी, अलका शेजारी. बाहेर काहीच दिसेना. हात काचेवर फिरवला, तरी नाही. शेवटी अलकाला म्हटलं, माझे डोळे फारच बिघडले गं.

ती वाकून बाहेर बघून म्हणाली, "नाही हो. आज खरंच धुकं आहे."

मग पानिपतपर्यंत ती मला बोर्ड वाचून दाखवत गेली. सोनीपत. मुरथल. गन्नौर. मला सगळे पाठ आहेत. तरी ऐकत गेलो.

४ फेब्रुवारी, सकाळ

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल पट्टी निघाली.

जॅकेट पिवळं नाही. पोपटी आहे. बूट, आरसे, हेल्मेट, सगळ्या पट्ट्या वाकड्या लागल्यात. गाडीवर ओरखडे सतरा. वहीत प्रसंग नोंदले होते चार.

मग अलका चहा घेऊन आली. नेहमीची निळी साडी. खाली, निऱ्यांवर, टायरचा काळा पट्टा. धुतलेला, तरी न गेलेला. तीन आठवडे घरात ती याच साडीत वावरतेय. विचारलं, टाकून का नाही दिलीस? म्हणाली, चांगली साडी आहे, कोणाला दिसतंय.

बारा तारखेचं पान काढून मोकळी जागा भरली. एकच शब्द. अक्षर वाकडं आलंय. वाचता येतं.

मोहरीचा डबा वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा. इथून स्पष्ट दिसतो. मागितला नाही.