शेपटीजवळचा पर

१६ एप्रिल

बर्फ गेलं! काल संध्याकाळपर्यंत तळ्याच्या खाडीत करड्या लाद्या तरंगत होत्या, आज सकाळी बघते तर पाणी काळंभोर आणि मोकळं. बदकांचा नुसता गलका. एव्हर्टला हलवून उठवलं. म्हटलं, "ऊठ, तळं उघडलं."

पांघरुणाच्या आतूनच म्हणाला, "उघडू दे. टिटवी विकतोय मी. येर्करशी बोलणं झालंय."

आमची होडी, आमची टिटवी! बटाटे संपलेत म्हणावं अशा आवाजात सांगितलं. जानेवारीत पायरीवर घसरला, खांद्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी उन्हाळा सरेपर्यंत गळाची काठी धरायची नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून माणूस खिडकीत बसून आहे. ते समजू शकते. पण होडीच विकायची? माझं अर्धं आयुष्य त्या होडीच्या सुकाणूवर गेलंय. मला विचारलं कुणी? काठी त्याची, मासा त्याचा, आणि होडीही त्याच्या एकट्याचीच वाटतं!

दिवसभर भांडी जरा जोरातच आपटली.

१७ एप्रिल

गुरुवार, म्हणून रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप. पोट भरलेलं असलं की एव्हर्टशी बोलता येतं. म्हटलं, "या वर्षी तू सुकाणू धर. काठी मी धरते."

इतका हसला की खांदा धरून बसला. "तू? आयुष्यात एक मासा तरी ओढलायस का?"

"तू कधी ओढू दिलायस का?"

खरंच आहे ते. मासा लागला तरी होडी थांबवता येत नाही. थांबली की मागे सोडलेल्या साऱ्या दोऱ्या खाली बसतात आणि एकमेकींच्या गळ्यात पडतात. म्हणून एकाने मासा ओढायचा, एकाने होडी चालती ठेवायची. ओढणारा कोण आणि चालवणारी कोण, हे आमच्यात लग्नाच्या दिवशीच ठरलं असावं. मी नेमकी तेव्हा केक कापत होते.

शेवटी सौदा झाला. येर्कर सोळा मेला होडी न्यायला येणार आहे. त्याआधी मी एक सॅमन आणला तर टिटवी आमचीच. "ताटात पडेल असा हं," एव्हर्ट म्हणाला. "पाण्यात परत सोडावा लागला तर तो मोजायचा नाही." डावा हात पुढे केला. मी दाबला. तोही जरा जोरातच.

२१ एप्रिल

पहिली फेरी. देवा!

ऊन छान, वारा नावाला. दोन्ही बाजूंना पिवळ्या फळ्या सोडल्या, त्या दोऱ्या लांब बाहेर ओढत नेतात, आणि दोऱ्यांच्या टोकाला चकचकीत चमचे. माझा लाडका तांबूस चमचाही लावला, ज्याला पोचा पडलाय. एव्हर्ट सुकाणूवर राजासारखा बसला आणि होडी अशी सरळ हाकायला लागला, जणू शेत नांगरतोय.

"अरे, जरा नागमोडी घे. वळणावरच मासा लागतो."

"इतकी वर्षं मासे मीच धरले ना?"

"धरलेस तू. लावले कुणी?"

सुकाणूवर असताना मी मुद्दाम वळणं घ्यायचे, बाहेरचे चमचे पळायचे, आतले बुडायचे, आणि सॅमनला वाटायचं कोवळं पिल्लू निसटून चाललंय. एव्हर्टला वाटायचं मला सरळ चालवता येत नाही!

मग घेतलं एकदाचं वळण. असं घेतलं की डावीकडच्या फळ्या उजवीकडच्या फळ्यांना जाऊन भेटल्या. सगळी सकाळ गुंता सोडवण्यात गेली. परत येताना खडकाची खूण म्हणून तरंगणाऱ्या लाल बोयाच्या इतक्या जवळून गेलो की हस्तांदोलन करता आलं असतं. "बोया हलवलाय या लोकांनी," म्हणतो. नाचता येईना अंगण वाकडं. खोली दाखवणारं यंत्र नाकासमोर आहे, त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. का, तर म्हणे ते खोटं बोलतं.

२४ एप्रिल

वारा. टिटवी बांधलेलीच. दालचिनीचे बन केले. एव्हर्टने कॉफी कपाच्या बाहेर ओतली आणि दोष नव्या कपांना दिला.

२८ एप्रिल

लागला! मासा लागला!

उजवीकडची फळी एकदम मागे खेचली गेली. मी ओरडले, "एव्हर्ट, फळी!" तर तो विचारतो, "कुठली?" कुठली म्हणे! मी काठी उचलली. आणि मग ते दोरीतून हाताला कळणं, की तिकडे कुणीतरी जिवंत आहे आणि त्याचंही काही म्हणणं आहे. तर हे असं असतं. आणि हे या माणसाने इतकी वर्षं एकट्याने खाल्लं!

मासा मात्र पोरगेलासा ट्राउट, तळणीतही लाजला असता. सोडला.

धक्क्यावर येर्कर उभा होताच, पोट पुढे, हात खिशात. "काय मार्ताबाई, आज जेवायला काय?"

"हेरिंग. बरणीतलं."

"सॅमन खायला सोळा तारखेनंतर या. तुमच्याच होडीतला असेल, चव ओळखीची लागेल."

एव्हर्टने त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं. आजकाल माझ्याकडेही तसंच बघतो. कोंबडी दाण्याकडे बघते ना, तसं. विचारलं तर म्हणतो, खांदा अवघडतो.

३० एप्रिल

वालबोरीचा जाळ, हिवाळ्याला निरोप. सगळं गाव किनाऱ्यावर, गाणी, सॉसेजेस, धुराने डोळे लाल. येर्करची बायको बारब्रू मला बाजूला घेऊन म्हणाली, "एव्हर्ट माझ्या समोरून गेला, पण बघून न बघितल्यासारखं केलं. होडी विकायच्या आधीच एवढा ताठा?"

म्हटलं, "धूर होता गं."

घरी येताना त्याला बोलले. म्हणाला, "बारब्रू? ती आली होती?" हिरव्या टोपीतली बारब्रू दोन मैलांवरूनही दिसते.

६ मे

आज एक सॅमन. ऐटबाज, चांगला मोठा. जाळ्यात घेतला, वाकून पाहिलं, आणि शेपटीजवळचा तो इवला पर जागेवर. झालं! सोडून दिला.

पैदास केंद्रातून सोडलेल्या पिल्लांचा तो पर आधीच कापलेला असतो, ते मासे न्यायला मोकळीक आहे. ज्याचा पर शाबूत, तो नदीत आपल्या आपण जन्मलेला, त्याला हात लावायचा नाही. एव्हर्टचं सूत्र लहान आहे: पर असला तर मासा तळ्याचा, पर नसला तर आपला. मागे एकदा येर्करने पर असलेला ट्राउट गुपचूप घरी नेला, तर या माणसाने अख्खा उन्हाळा त्याच्या हातची कॉफी घेतली नाही.

ताट रिकामंच. पण वळणं आता बरी घेतो. पोचा पडलेला चमचा बाहेरच्या दोरीला लावला की हमखास काहीतरी हुंगून जातं.

९ मे

मळभ. काही नाही. एव्हर्ट परतताना गाणं गुणगुणत होता. किती दिवसांनी! विचारलं, "होडी जाणार म्हणून आनंद होतोय का?" तर गाणं थांबलं. मला तरी कशाला अवदसा आठवली विचारायची.

११ मे

लिहू की नको? लिहितेच.

सकाळी आभाळ खाली आलेलं, पाणी शिशासारखं. एव्हर्टने बेटापाशी सुरेख वळण घेतलं, मी स्वतः घेतलं असतं तसं. आणि बाहेरची फळी पाण्याखालीच गेली. गेली म्हणजे गेली! काठीवरची चरखी किंचाळायला लागली. मी काठी उचलली आणि मला ती धरवेना. कंबर कठड्याला टेकवली, पाय रोवले. सॅमन दूरवर पाण्याबाहेर उसळला, वासराएवढा वाटला मला. एव्हर्ट तिकडून शिकवत होता, "ओढू नकोस, जाऊ दे, दमला की गुंडाळ, आता गुंडाळ, अगं, भाकरीच्या पिठासारखं दाबू नकोस ते." आवाज अगदी तरणा झाला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मासा होडीपाशी आला. एव्हर्टने गुडघ्याने सुकाणू अडवलं आणि डाव्या हाताने जाळं खाली घातलं. घेतला! एका हाताने घेतला! कठड्याला टेकून वाकून पाहिलं आणि तोंडभर हसला.

"पर नाही. कापलेला आहे, मार्ता. ठेव. टिटवी राहिली बघ आपली."

मीही वाकले. पर होता. अंगठ्याच्या पेराएवढा, सरळ उभा, कुणी बोट वर करून हजेरी द्यावी तसा.

"एव्हर्ट, आहे रे."

"नाही गं. बघतोय ना मी."

"आहे म्हणते ना."

"मला शिकवतेस? इतकी वर्षं काय बघितलं मग मी?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो माशाकडेच बघत होता, टक लावून, आणि हसत होता. मनात म्हटलं, होडीसाठी खोटं? तू? मी जाळं त्याच्या हातातून घेतलं आणि पाण्यात उलटं केलं. सॅमन क्षणभर तिथेच थांबला, मग खाली गेला.

परतताना सुकाणू मी धरलं. त्याने धरू दिलं.

१२ मे

बोलत नाही आहोत. मीठ लागलं तर उठून घेतो.

होडीचं दुःख आहेच. पण होडीपेक्षा तो हसू आणून खोटं बोलला, त्याचं जास्त आहे. म्हातारपणी माणसाचं दुसरं काय काय जातं, ते ठाऊक होतं. हे जाईल असं वाटलं नव्हतं.

१३ मे

येर्कर आला होता. एव्हर्ट बाहेर लाकडं रचत होता, एका हाताने. येर्कर पायरीवर बसून म्हणाला, "तुमचं काय झालं त्या दिवशी? एव्हर्ट म्हणतो, एवढा मोठा सॅमन हातात आलेला, पर कापलेला, आणि तू सोडून दिलास."

"तुला सांगितलं त्याने?"

"दोनदा सांगितलं. म्हणतो, मी डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं तुलाच होडी नको झालीय."

येर्कर गेल्यावर पायरीवरच बसून राहिले. खोटं बोलणारा माणूस फायदा संपला की गप्प बसतो. मासा गेला, होडी चालली. आता कशासाठी बोलतोय?

१४ मे

बटाटे, शेपू, बरणीतलं हेरिंग. त्याने नेहमीसारखं मीठ शोधलं. मी बघत राहिले. मीठदाणी त्याच्या ताटाच्या पुढ्यात होती. तो नेमका तिथेच बघत होता. हात टेबलावर फिरला, थांबला. मग त्याने मान वाकडी केली, खिडकीकडे पाहिलं, आणि खिडकीकडे बघत असतानाच मीठदाणी अचूक उचलली.

बारब्रू. कॉफी. बोया. "कुठली फळी?" आणि ती कोंबडीसारखी मान.

माझा घास तोंडातच राहिला. मी त्याला काय काय म्हटलं मनातल्या मनात!

उद्या विचारते.

१५ मे

विचारलं. त्याने कपावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "ज्याच्याकडे बघतो, तेच जातं, मार्ता. मधोमध डाग आहे. कडेचं सगळं दिसतं." गेल्या शरदातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. खांदा मोडला तर याला बरंच वाटलं, होडी विकायला कारण मिळालं.

"मग सुकाणू कशाला घेतलंस हातात, मूर्खा? बोयाला धडकलो असतो."

"तू इतक्या हौसेने काठी मागितलीस. नाही म्हणवेना."

येर्करला फोन केला. म्हटलं, येऊ नकोस, टिटवी विकायची नाही. "ताटात मासा पडला की काय?" त्याने विचारलं. म्हटलं, नाही पडला.

यापुढे सुकाणू माझ्याकडे. खांदा बरा झाला की काठी त्याची. मासा हाताने कळतो, आणि पर बघायला मी आहे. दुपारी होडीत जाऊन त्याची खुर्ची कुठे ठेवायची ते बघत होतो. मी म्हटलं, माझ्या समोर ठेवू. तर म्हणाला, "नको. बाजूला ठेव. तिथून तू दिसतेस."