दोन कुलपांचं कपाट

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरला आहे, त्यामुळे उभ्यानेच). तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? इकडे सगळे ठीक, मी सोडून.

संग्रहालयात सोमवारी अण्वस्त्रांच्या इतिहासाचं प्रदर्शन उघडणार आहे. पाट्या मी लिहिल्या. नीट पार पडलं तर मला कायम करतील, नाहीतर हाती नारळ. पहिल्या अणुबॉम्बची पत्र्याची प्रतिकृती (आतून पोकळ, कुठे बोलू नकोस) लोखंडी कपाटात आहे. क्षेपणास्त्र सोडायला दोघांनी दोन किल्ल्या एकदम फिरवाव्या लागतात, असं मीच एका पाटीवर लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि कपाटाला दोन कुलपं बसवली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी आमच्या सुतारांकडे (त्यांना सगळे मामा म्हणतात). माझी सापडत नाही. कबूल करावं तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल. म्हणून रोज सकाळी कपाटासमोर खिशावर हात ठेवून मी म्हणतो, "मामा, आधी तुम्ही." ते म्हणतात, "वा रे शहाण्या! आधी तू." मग आम्ही चहा पितो. नऊ दिवस झाले. साहेब लांबून बघतात आणि म्हणतात, यालाच सुरक्षा धोरण म्हणतात. मला ते अजून उमगलेलं नाही. एकेकाळी जगात साठ हजारांवर अण्वस्त्रं होती, ती वापरायची वेळ येऊ नये म्हणून बनवलेली. जो आधी वापरील तोही मरणार, म्हणून सगळे जिवंत. हे वाक्य मी तीनदा तपासून घेतलं. बरोबर आहे म्हणे. दोन महासत्तांनी थेट बोलायची सोय केली, तीसुद्धा युद्ध दारात येऊन परत गेल्यावर. बायको म्हणते, मग तुम्हीही मामांशी सरळ बोला. सरळ बोलायला आधी खिशात किल्ली हवी, हे तिला कसं सांगू?

असो. भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. भावजींना दिलेल्या राखाडी कोटाचा आतला खिसा बघ. पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच सफाईच्या मावशी आल्या. कपाट पुसायला गेले तर दार उघडलं, म्हणाल्या. आता आठवलं. पहिल्याच दिवशी, कुलूप आधी कोणी लावायचं यावरून आमची जुंपली होती आणि दोघेही तणतणत घरी गेलो होतो. तेव्हापासून दार कोणी ओढूनच पाहिलं नाही. मामांना सगळं सांगितलं, किल्लीचंसुद्धा. त्यांनी साहेब जवळपास नाहीत ना ते पाहिलं. मग म्हणाले, "माझी पण हरवली रे." दार आम्ही हलकेच लोटून घेतलं.

किल्ली तरीही पाठव. सोमवारी साहेबांसमोर कपाट उघडायचं आहे, आणि त्यासाठी ते आधी बंद असायला हवं.