काटा शून्यावर

सोमवार, १८ मे १९६४
सोनाळा

बी.एस्सी. होऊन मास्तरकी लागली आणि अकोल्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची ही लांबलचक विलायती मोटार मी हौसेनं घेतली. स्वस्तात मिळाली. पण पोसायची कशाच्या जोरावर, हे तेव्हा सुचलंच नाही. अर्ध्या महिन्यातच पगार तिच्या पोटात जातो. आजही पेट्रोलचा काटा शून्यावर.

आणि शेजारच्या शांतीला मी साखरपुड्यातच सांगून बसलेलो, तुले माह्या मोटारीत सासरी धाडीन. काऊन बोललो मी?

दुपारी लग्न लागलं. पाठवणीच्या आधी तिच्या वडिलांना, नामदेवकाकांना, बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी मोटारीभोवती एक चक्कर मारली.

"एवढंच ना, बापू? मंग बैल जुंपतो."

"मोटारीले?"

"हाव. पोरगी बसन तं तिच्यातच. तू स्टेरिंग धर."

खरंच त्यांनी पुढे दोर बांधून बैलजोडी जुंपली. मागच्या गादीवर शांती आणि नवरदेव. लाजेनं माझी मान वर होईना. पण कोणी हसलं नाही. बाया दारादारांत उभ्या राहून शांतीला डोळे भरून पाहत होत्या. बैलांच्या घुंगरांच्या तालावर मोटार एसटीच्या थांब्यापर्यंत गेली; सासरपर्यंतचा पुढचा रस्ता एसटीनं.

उतरताना शांती म्हणाली, "दादा, बोलल्यासारखं केलं तुमी."

काटा शून्यावरच असणार. वर्षभरात आज पहिल्यांदाच तो न बघता मी मोटार चालवली.