माहेर कुठलं, एवढंच विचारलं

॥ श्री ॥

अकोला
२६ एप्रिल २०२६

ति. आत्यास,
मंजूचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र का लिहिते ते तुला कळेलच. तुला ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर लावावा लागतो, आणि स्पीकर लागला की तुझी गल्ली रिसोडभर बातमी पोचवते. हे पत्र एकटीने वाच आणि फाडून टाक.

उदयची बदली झाली आहे, वाशिमला. सौर पंप बसवणाऱ्या त्यांच्या कंपनीने तिथे नवं ऑफिस काढलं. जमत नसेल तर घरी बसा, असं साहेबांनी सांगितलं. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही अकोल्याच्या गर्दीत मिसळून राहिलो. आता ज्या जिल्ह्यातून पळालो त्याच जिल्ह्यात घर शोधायचं आहे. वाशिमहून आपलं आसेगाव किती लांब, ते तुला सांगायला नको.

मंगरूळपीरच्या स्टँडवर राजूने काय केलं तेही तुला ठाऊक आहे. उदयचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालताना आधी तो हात घालतो, मग बाकीचं अंग. तांड्यावरचा जावई जिवंत ठेवणार नाही, असं माझा सख्खा भाऊ त्या दिवशी सगळ्या स्टँडसमोर म्हणाला होता. राजू बोलतो तसं करतो. आपल्या घरात सगळेच तसे. उदय म्हणतो, पोलिसांत अर्ज दे. अर्ज लिहायला बसते आणि राजूचं नाव आलं की माझा हात थांबतो.

तुझं वाशिमला जाणं-येणं असतं. आम्ही कोणत्या भागात राहावं? रस्त्यावर दिवा हवा, घराला मागून दार हवं, आणि दिवसा शेजारी माणसं हवीत, कारण उदय शेतोशेत फिरणार आणि मी घरी एकटी असणार. एवढं मिळालं तर स्वयंपाकघर कितीही लहान चालेल.

तुझी माया आहे, ती अशीच आमच्या पाठीशी असू दे.

तुझी
मंजू


रिसोड
३ मे

चि. सौ. मंजूस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. फाडलं नाही, तांदळाच्या डब्यात ठेवलं. फाडलेलं पत्र शेजारीण जोडून वाचते.

वाशिमात रिसोड रोडच्या अंगानं नवी वसाहत झाली हाये. रिटायर मास्तर, बँकवाले, सारी आपली मानसं. मोठं गेट हाये, कॅमेरे हायेत, रात्री शिटीवाला फिरते. माह्या मैत्रिणीच्या लेकानं तिथंच घर बांधलं. तिच्या म्हणण्यानं तिथं चोर तर सोड, कुत्रंबी वळखीशिवाय येत नाही. ते पाहून घ्या.

पण गाव इचारलं तर अकोला सांगजो. बापाचं नाव घेऊ नोको. तुले खोटं बोलता येत नाही हे मले ठाऊक हाये. लहानपनी न इचारता आंबा खाल्ला तर कोय घेऊन दाखवाले येत होती तू. आता संसार हाये बाई, एक खोटं तरी बोलाले शिक. जावयाले म्हना, तिले शिकवा.

दादा, तुया बाप, बरा हाये. तुयं नाव घेत नाही, पन तुया खाटीवर कोनाले बसू देत नाही. राजू शेती चांगली पाह्यते, बोलते कमी. तू जेवत जाय. मांगच्या फोटोत गळ्याची हाडं दिसून राह्यली होती.

पत्र टाकाले उशीर नोको करू, मन लागून राह्यते.

तुयी आत्या
रंगूबाई


अकोला
११ मे

ति. आत्यास,
मंजूचा साष्टांग नमस्कार.

तू सांगितलेली वसाहत काल पाहून आलो. घर इतकं हवं तसं होतं की मला रडू आलं. वरचा मजला, जिन्याला जाळीचं दार, मागच्या बाजूने दुसरा जिना, समोर दिव्याचा खांब. घरमालक निवृत्त मास्तर. काकूंनी सरबत दिलं आणि गाव विचारलं. उदयने अकोला सांगितलं. मग काकू माझ्याकडे वळल्या. माहेर कुठलं, एवढंच त्यांनी विचारलं.

आत्या, मी एसटीत पाठ करत गेले होते. माहेर अकोला, वडील नोकरीत. पण शाळेत घालायच्या आधी बाबांनी मला ओसरीवर बसवून पहिलं जे शिकवलं, ते अ-आ नव्हतं. आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं. ज्याला लपवावं लागतं त्याने काहीतरी चोरलेलं असतं, असं ते म्हणायचे. काकूंचा प्रश्न संपला आणि माझ्या तोंडून आसेगाव आणि बाबांचं नाव, नानाजी, दोन्ही निघून गेलं.

काकूंना केवढा आनंद झाला. त्यांची भाची आसेगावात दिली आहे, आपल्या घरापासून चार घरं सोडून. म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच निघालात, असं म्हणून त्यांनी माझी ओटी भरली. मग उदयकडे बघत, जावई कुणाच्यातले, असं हळूच विचारलं. उदय म्हणाला, गाडीची वेळ झाली.

परतताना मेडशी गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, तुला खोटं येत नाही म्हणून मी तुला पसंत केलं, आता त्याच गुणापायी मरतो की काय. हसतच म्हणाला, पण मला हसता आलं नाही.

घर घ्यावं की सोडावं? काकू भाचीला काही बोलणारही नाहीत, असं मी स्वतःला रोज सांगते. तू काय म्हणतेस ते लवकर कळव. आम्हाला तुझ्यावाचून विचारायला दुसरं कुणी नाही.

तुझीच
मंजू


रिसोड
२० मे

चि. सौ. मंजूस,
आत्याचे आशीर्वाद.

ते घर घेऊ नोको. मीच तिकडं धाडलं तुमाले, माह्याच तोंडात माती पडो. आपली मानसं आपली मानसं म्हनत बसली, आपलीच मानसं नडतीन हे ध्यानात आलं नाही.

सोयाबीनचं बियानं घ्याले राजू रिसोडले आला होता. माह्या घरी जेवला. ठेचा दोनदा मांगून घेतला. हात धुतल्यावर मले म्हने, धोंड्याचा महिना लागला, घरचा जावई धोंडे खाल्ल्याबिगर कसा राह्यते. बाबानं दोघाले बोलावलं हाये, मंजूले कळव. मी म्हनलं, मले काय ठाऊक ते कुठं राह्यतेत. त्यावर त्यानं मलेच सांगतलं. कोनती वसाहत, कोनता मजला, मांगून जिना हाये, सारं.

पोरी, त्याले म्या अंगाखांद्यावर वाढवलं. ताप यायच्या आंधी मले त्याच्या डोळ्यावरून समजे. त्या दिवशी डोळ्यात पाह्यलं तं काईच दिसलं नाही. राग नाही, माया नाही. तुमाले या म्हनायची माही हिंमत नाही, येऊ नोको म्हनायचीबी नाही. खरंच दादानं बोलावलं असन तं? दोन सालानं बापाचं दार उघडून राह्यलं असन तं?

तू शिकेल हायेस, तूच ठरव. माह्यावरची माया कमी करू नोको.

रंगूबाई


अकोला
२४ मे

ति. आत्यास,
मंजूचा नमस्कार.

तुझ्या तोंडात माती कशाला पडेल? तू सांगितलं होतंस ते एक वाक्य मला बोलता आलं नाही.

ते घर सोडलं. मधल्या दिवसांत वाशिमला आणखी दोनदा जाऊन आलो. एका ठिकाणी शेजारी आसेगावच्या सोयऱ्यांचे सोयरे निघाले. दुसरीकडे घरमालकाने उदयचं आडनाव ऐकून खोली कालच गेल्याचं सांगितलं. सगळं सोडून लांब कुठे शहरात जाऊ म्हटलं, तर या हाताने उदयला नवं काम कोण देणार? सासूबाई, भुरीबाई, म्हणतात तांड्यावर या, सगळा तांडा राखण करेल. उदय नाही म्हणतो. एक दिवस दोन गावांची पोरं आपल्यापायी एकमेकांची डोकी फोडतील, म्हणतो. पुढच्या आठवड्यात त्याला कामावर हजर व्हायचं आहे आणि आमचं सामान इथे दोरीने बांधून पडलं आहे. मी भांडी पुन्हा सोडते, पुन्हा बांधते. झोप नाही.

आणि या सगळ्यात उदयला आसेगावला जायचं आहे. तुला आश्चर्य वाटेल. जेवायला बोलावणारा ताटावर हात उचलत नाही, असं त्याचं म्हणणं. खरं कारण वेगळं आहे. दोन वर्षांत आसेगावहून त्याला कुणी जावई म्हणून बोलावलेलं नाही. तुझं पत्र त्याने वाचलं आणि तो शब्द बोटाने दाखवला.

म्हणून एक काम तुझ्यावर टाकते. आसेगावला जा आणि बाबांना समोर बसून विचार, तुम्ही बोलावलं का. त्यांनी हो म्हटलं तर आम्ही येऊ, मग काहीही होवो. राजूच्या निरोपावर येणार नाही, बाबांच्या शब्दावर येऊ. उन्हाचं डोक्याला बांधून जा. तुला त्रास देते आहे, रागावू नकोस.

मंजू


रिसोड
१ जून

चि. सौ. मंजूस,
आत्याचे लाख आशीर्वाद.

काल जाऊन आली. राजू वावरात होता, ते बरं झालं. दादाले इचारलं. त्यानं बोलावलं नाही. धोंड्याची गोठच त्याले ठाऊक नव्हती. राजूनं आपल्या मनानं बापाचं नाव घातलं. आपल्या घरातलं पह्यलं खोटं ते, आन् ते यासाठी बोलला.

मंग दादा म्हने, जावयाचा हात वर जाते का? मी म्हनलं, नाही जात. उठून बैलाले पानी दाखवून आला. बैलानं पेलं नाही, तरी तिथंच उभा होता. आल्यावर म्हने, तिले सांग, येऊ नोको. आन् कुठं राह्यतेत हे मले कधीच कळवू नोको. राजू इचारन, आन् मले सांगा लागन. मी रागावली. म्हनलं, पोरीच्या जिवासाठी एक खोटं बोलता येत नाही का तुले? तं म्हने, येत असतं तर तिले नसतं का शिकवलं.

वापस येताना जीपमधी माहे डोळे गळत होते. डायवर म्हने, आजी, धूळ लय हाये, खिडकी लाव.

तू मले मात्र पत्ता कळवजो. मी दादासारखी नाही. कोनाच्याबी तोंडावर खोटं बोलाले तयार हाये. लवकर घर पाहा आन् कळवा. जीव टांगून हाये.

तुयी
आत्या


वाशिम
९ जून

ति. आत्यास,
मंजूचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही आलो. खोली मिळाली आहे. मी तुला लिहिलं होतं तसं इथे काहीच नाही. गेट नाही, कॅमेरा नाही, दिवा आहे तो लागत नाही, मागे दारही नाही. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातली फोडणी आमच्या घरात तडतडते. पण या गल्लीत आपल्यातली कुणी लेक देत नाही की इथून सून नेत नाही, आणि उदयकडचंही कुणी नाही. घरमालकिणीने मला माहेर विचारलं नाही. नळ आला की माझे दोन हंडे वर आणून देशील का, गुडघे दुखतात, एवढंच विचारलं. मी इतक्या घाईने हो म्हटलं की ती हसली.

बाबांचं म्हणणं मला पटलं. त्यांचा राग मला आला नाही. उदय मात्र तुझं पत्र वाचून भिंतीकडे तोंड करून निजला. दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

आता खरं लिहायचं आहे ते लिहिते. आत्या, मी तुला पत्ता कळवत नाही. घरमालकिणीचं नाव, गल्ली, भाग, काहीच नाही. तू खोटं बोलशील हे मला माहीत आहे. पण राजू तुझ्या घरी जेवायला बसेल, तू त्याला वाढत असशील, आणि तू त्याला लहानाचा मोठा केला आहेस. त्या वेळी तुझ्या तोंडावर काही दिसलं, तर दोष तुझा नसेल, पण खांदा उदयचा असेल. तुझ्या डोळ्यांत त्याला वाचता येतं. तुलाही त्याच्या डोळ्यांत येत होतं.

फोनही करणार नाही, ते तर तू जाणतेसच. पत्र मी अधूनमधून टाकत जाईन, दर वेळी वेगळ्या पेटीत. त्यात गंमत लिहीन, काळजीचं लिहिणार नाही. जेवते आहे. गळ्याची हाडं झाकली जातील.

तुला सवय आहे, हे पत्र वाचलंस की तू लगेच उत्तर लिहायला बसशील. बस. सगळं लिही, मला रागाव, दोन शिव्या दे. पाकिटावर काय लिहायचं, ते मात्र मला विचारू नकोस.

जिथे असू तिथे तुझीच
मंजू