अण्णाच्या लॉरीतली यल्लम्मा

कमरीपेठ, हुबळी
१२ जून १९९८

सौ. शेवंतावहिनी, परशरामचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. भंगारात आलेल्या जुन्या गाड्यांचे फोटो काढायचं काम चालू आहे.

काल तिथं अण्णाची लॉरी दिसली. घाबरू नका, मालकानं विकली असेल. केबिन चेपलीय, पण भंगारात सगळ्याच गाड्या चेपतात.

गाडी मोडीत घालण्याआधी ड्रायव्हर आपला देव काढून घरी नेतो. अण्णाची यल्लम्मा मात्र काचेपाशी तशीच होती, तुम्ही बांधलेल्या हिरव्या बांगडीसकट. फोटो काढला नाही. यल्लम्मा मी खोलीवर आणलीय.

अण्णा गोव्याच्या फेरीवरनं आला ना? आईला हे वाचून दाखवू नका.

उत्तर अण्णालाच लिहायला सांगा. त्याचं अक्षर मी ओळखतो.

तुमचा दीर,
परशराम