घड्याळाला हात लावायचा नाही

सेक्टर १५, चंदीगड
१० मार्च १९८९

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, अवीच्या दोन्ही गालांना पापे. तुझं पत्र आणि चकल्यांचा डबा दोन्ही मिळाली. डबा टपालवाल्यांनी वाटेत फुटबॉल म्हणून वापरला असावा, कारण आत नुसता चुरा होता. रागिणीनं आणि मी तो चमच्यानं खाल्ला. रागिणी म्हणजे माझी खोलीतली सोबतीण, नागपूरची डॉक्टर. तिनं तुला खास धन्यवाद सांगितलेत.

आईचं ब्लडप्रेशर उतरलं हे वाचून जिवात जीव आला. इथली थंडी संपत आली. अंधार पडायच्या आत घरी यायचं, नाक्यावर पोलिसांनी पर्स उघडायला सांगितली की उघडून दाखवायची, एवढं पाळलं की झालं. पेपर वाचून घाबरत जाऊ नका.

आता मुद्द्याचं. दाजींनी सांगलीच्या त्या श्रीनिवासांचं स्थळ एवढ्या मायेनं आणलंय, मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे, हुंडा नको म्हणतात, सगळं खरं. पण मला पाडव्याला यायला जमणार नाही. त्यांना तसं कळवून टाक. कामाचा फार रेटा आहे.

असलं कसलं काम गं, असं तू विचारतेस. ऐक तर. आम्ही असा रेडिओ बनवतोय की तो एका ठिकाणी थांबून बोलतच नाही. साधा रेडिओ कुणीही सुई फिरवून ऐकतो, कुणीही त्यावर गोंगाट करून तो बंद पाडतो. आमचा सेकंदाला कितीतरी वेळा जागा बदलतो. आता इथं, आता तिथं. त्या उड्यांचा क्रम फक्त त्याला आणि समोरच्या सेटला ठाऊक. ऐन गंमत पुढेच आहे. क्रम ठाऊक असून भागत नाही, दोघांची घड्याळं तंतोतंत जुळावी लागतात. बोलणारा एका जागी आणि ऐकणारा पुढच्या जागी असला, तर कानात नुसती खरखर.

आपण लहानपणी मोठ्या दोरीवर उड्या मारायचो, आठवतं? दोघी दोरी फिरवायच्या आणि तिसरी बाहेर उभी राहून जरा पुढे, जरा मागे झुलत अंदाज घ्यायची, मग आत शिरायची. आमचा रिसिव्हर तेच करतो. स्वतःचं घड्याळ किंचित पुढे घेतो, किंचित मागे घेतो आणि क्रम जुळेपर्यंत शोधत राहतो. एकदा सापडलं की मात्र सोडायचं नाही. थंडीनं, उन्हानं घड्याळ सरकतं, त्याच्या मागोमाग सरकायचं.

आणि यातला एकच कडक नियम आहे. शोधायचं फक्त ऐकणाऱ्यानं. बोलणाऱ्यानं आपल्या घड्याळाला हात लावायचा नाही. दोरी फिरवणारीनं मध्येच वेग बदलला तर आत शिरणारी तोंडावरच पडणार. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की एकमेकांच्या शेजारून निघून जातात.

माझ्या जोडीला सुखवंत होता. रोपडचा सरदार, बोलणारा सेट त्याच्याकडे. तो जीपमधून लांब कुठंतरी जाऊन बसायचा आणि मी इथं गच्चीवरच्या खोलीत रिसिव्हरपुढे. त्याला दम म्हणून धरवत नसे. मला मिनिटभर उशीर लागला की हा तिकडे आपलं घड्याळ सरकवून बघायचा. मला मदत म्हणून! मग मी त्याला शोधतेय, तो मला शोधतोय आणि अख्खी सकाळ फुकट. परत आला की मी झापायची. तो कान पकडायचा, ‘गलती हो गई जी,’ म्हणायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. एकदा मी त्याच्या घड्याळाच्या बटणावर चिकटपट्टी लावून दिली होती. ती काढून त्यानं फाटलेल्या नकाशाला लावली.

तर असं काम आहे. साहेबांनी आता दुसरा माणूस दिलाय. तो घड्याळाला अजिबात हात लावत नाही. चाचण्या पटापट होतात.

फार लिहीत बसत नाही. श्रीनिवासांकडे उगाच काही कारण सांगू नकोस, नाही म्हणून कळव. आईची औषधं चुकवू देऊ नकोस.

तुझी,
मीनू


सेक्टर १५, चंदीगड
२८ मार्च १९८९

प्रिय ताई,

नमस्कार. अवीचा ताप उतरला का? गोवर नाही ना, याची खात्री करून घे.

तुझं पत्र दुपारी आलं. इतकं छोटं पत्र तू मला कधी पाठवलं नव्हतंस. ‘अवीला ताप आहे. सुखवंत होता म्हणजे काय? कोण होता तुझा?’ बस्स. खाली दाजींचा नमस्कारसुद्धा नाही, म्हणजे तू त्यांच्या नकळत टाकलंस. तुझ्यापुढे लहानपणापासून माझं काही लपलेलं नाही, आणि तरी मी अख्खं पत्र दोरीच्या उड्यांवर लिहून काढलं.

ताई, तो गेला. फेब्रुवारीत.

मी त्याच्याशी लग्न करणार होते.

हे दोन्ही मी आज पहिल्यांदा लिहितेय. तोंडानं तर अजून कुणालाच सांगितलेलं नाही. रागिणीला अंदाज असेल, कारण ती रोज न विचारता माझ्या ताटात पोळी वाढते आणि मी खाईपर्यंत समोर बसते.

शनिवारी तो घरी गेला होता, रोपडजवळच्या त्याच्या गावी. सोमवारी जीप सेट घेऊन तिकडेच जाणार होती आणि तो वाटेत खरडच्या बस अड्ड्यावर जीपमध्ये बसणार होता. रविवारी संध्याकाळी तो गावच्या बाजारात आईसाठी लोकर आणायला गेला. कुणीतरी दुकानासमोर सायकल लावून ठेवली होती, तिच्यात बॉम्ब होता. त्यात गेलेल्यांत दुकानदार होता, त्याची मुलगी होती, हा होता. कुणाला मारायचं होतं ते ठेवणाऱ्यालाही ठाऊक नसेल.

मला काहीच ठाऊक नव्हतं. त्या भागात कर्फ्यू लागला होता, फोन लागत नव्हते. ड्रायव्हर अड्ड्यावर त्याची वाट बघत उभा. आणि मी सोमवारी ठरल्या वेळी रिसिव्हर लावून बसले. खरखर. मी घड्याळ पुढे घेतलं, मागे घेतलं. खरखर. निरोपांसाठीचा साधा वायरलेस सेटही गप्प होता, पण बॅटरी वाचवायला सुखवंत तो नेहमीच बंद ठेवायचा. मला वाटलं, यानं पुन्हा घड्याळाला हात लावला! मी अशी चिडले म्हणून सांगू. शोधायचा पल्ला वाढवत नेला, एवढ्या लांब तर कुणाचं घड्याळ सरकूच शकत नाही तिथपर्यंत गेले. मनात त्याला काय काय बोलत होते. आज परत येऊ दे, याला साहेबांसमोर उभा करते, असं ठरवून टाकलं होतं. जेवायच्या सुट्टीत साहेब स्वतः गच्चीवर आले. ते कधी वर येत नाहीत. त्यांनी आधी माझा रिसिव्हर बंद केला, आणि मी म्हणाले, ‘सर, थांबा, सापडत आलाय.’

तुला वाटेल, मला का नाही सांगितलंस. सांगणारच होते गं. त्याला तर कधीपासून मिरजेला यायचं होतं. म्हणायचा, ‘मैं खुद जाकर माँजी से बात करूँगा.’ पगडी बांधून थेट आपल्या दारात उभा राहिला असता तो, आणि आईचं ब्लडप्रेशर तर तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, तू जागचा हलायचं नाहीस. आधी मी ताईला सांगते, ताई आईला सांगेल, योग्य वेळ मी शोधते. त्या एका बाबतीत त्यानं माझं ऐकलं. घड्याळासाठी कधी दम धरला नाही त्यानं, माझ्यासाठी मात्र धरला. दिवाळीत तुला सांगणार होते, तर तेव्हा आई हॉस्पिटलात होती. संक्रांतीला पत्र लिहायला घेतलं होतं.

त्याच्या भोगाला, म्हणजे आपल्या दहाव्या-तेराव्यासारख्या विधीला, ऑफिसची बस गेली होती. त्यांच्यात पाठ पूर्ण होतो, अरदास म्हणजे प्रार्थना होते आणि मग सगळे पंगतीत जेवतात. मी डोक्यावर ओढणी घेऊन ऑफिसच्या बायकांत बसले होते. टायपिस्ट बाई माझ्याआधी रडली आणि सगळ्यांनी तिला पाणी दिलं. मी रडले असते तर का, म्हणून विचारलं असतं. म्हणून नाही रडले. ताई, त्याच्या चुलत बहिणी, शेजारणी, ज्यांना तो नीट ओळखतही नव्हता त्याही त्याच्या आईला मिठी मारून रडत होत्या. मी डाळ वाढायला मदत केली.

निघताना त्याच्या आईनं माझा हात धरला. ‘पुत्तर, तू ओहदे नाल कम्म करदी सी ना?’ त्याच्याबरोबर काम करायचीस ना, असं. मी मान डोलावली. मग तिनं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘ओह कुड़ी कौण सी? कहंदा सी, विसाखी ते लै के आवांगा.’ ती मुलगी कोण होती, वैशाखीला घरी घेऊन येतो म्हणाला होता. नाव मात्र नव्हतं सांगितलं. मी अजून वेळ शोधत होते ना, म्हणून त्यानंही आपल्या आईला नाव सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, ‘पता नहीं जी.’

ती म्हणाली, ‘मिल जाए तो कहना, मेरे पास आ जाए. एक बार.’

बस सुरू झाली होती, टायपिस्ट बाई हाका मारत होती, मी जाऊन बसले. तेव्हापासून मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. तो गेल्याचं दुःख आहेच. पण ती बाई तिथं बसून एका मुलीची वाट बघतेय आणि मी इथं, बसनं तासाभराच्या अंतरावर. तिच्या मुलावर जीव टाकणारं दुसरं माणूस जगात आहे, एवढं तरी तिला कळायला हवं. आणि मलाही कुणाच्या तरी गळ्यात पडून रडायचंय. सहकारी म्हणून नाही. त्याची म्हणून.

तू म्हणशील, सगळं सोडून घरी ये. येईन, पण आधी तिकडे जाऊन येते.

आता मी सांगते ते नीट कर. हे पत्र पोहोचायला पाच-सहा दिवस लागतील, म्हणून पाडवा झाल्यावरचा रविवार धरला आहे. त्या दिवशी सकाळी दहाला मी त्याच्या आईसमोर बसून तिला सांगेन, ती मुलगी मी. त्याच वेळी तू आपल्या आईजवळ बस. तिची गोळी आधी देऊन ठेव, दाजींना घरी थांबव आणि तिला सांग. सुखवंत सिंग नाव होतं म्हणावं, पुरणपोळी त्यानं कधी खाल्ली नव्हती, मीनूच्या आईच्या हातची खायची होती त्याला. तो जिवंत असताना दोन्ही घरांना एकदम कळणं जमलं नाही. आता तरी एका वेळी कळू दे. तिकडे मला कुणी हाकलून दिलं, तरी त्या घटकेला मिरजेच्या घरात कुणीतरी माझ्यासाठी रडत असेल, एवढ्या बळावर मी त्या दारात उभी राहणार आहे.

तार करून विचारू नकोस, जमेल का, करू का म्हणून. फोनही करू नकोस. तुझ्याकडून काही कळलं नाही तरी मी दहाला तिथं असेन आणि तू आईजवळ आहेस असं धरून बोलायला लागेन.

तुझी मीनू,
सुखवंतची मीनाक्षी