आत जाऊन बघून ये

प्रिय विदाद,

फोनवर तू विचारतेस आणि मी दर वेळी कोंबड्यांचं सांगत बसते. काय करणार, तुझे बाबा शेजारीच असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. म्हणून हे पत्र. तुझं म्हणणं मला पटलं होतं: बाबा पाहुण्यांना फिरवतात तेव्हा एक दिवस बरोबर जा, त्यांच्या अधू डोळ्यांना वाटाड्याचं काम अजून जमतंय का ते बघ, नसेल जमत तर दोघं माझ्याकडे अलेक्झांड्रियाला या, खोली तयार आहे. तर गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी गेले.

लग्न होऊन या डोंगराखाली आले, पण वर जुन्या राजांच्या कबरींकडे कधी गेले नव्हते. मूर्तींपुढे आपलं काय काम, आणि तिकीट काढून दुसऱ्याची कबर बघायची, हे मला कधी समजलंच नाही. पहाटे निघालो तेव्हा नदीवरचं धुकं उसात शिरलं होतं आणि त्यावरून ते पर्यटकांना घेऊन उडणारे मोठे फुगे तरंगत चालले होते. वरची माणसं बोलत असावीत, पण आवाज नव्हता. मला वाटलं, मी अजून पहाटेच्या नमाजेआधीच्या झोपेतच आहे. माझ्या हातातलं गाठोडं चाचपून बाबा नेहमीसारखी तुझ्या नावाने हाक मारून म्हणाले, उम्म विदाद, आज तू पाहुणी आहेस, भाकरी कशाला बांधलीस, जर्मन पाहुणे हसतील. मी म्हटलं, हसू देत, आपली भाकरी आहे, त्यांची तर नाही ना खात.

राजांच्या दरीत कबरीच्या आत वाटाड्याने बोलायचं नाही असा नियम आहे, तुला ठाऊकच आहे. बाबा बाहेर बाकावर बसून सांगतात, लोक आत जाऊन बघून येतात. जर्मन मला ओ का ठो कळत नाही, पण त्यांचा आवाज ऐकत राहिले. आपल्या घरात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरात ते मीठ मागतात, चप्पल शोधतात. तिथं ते हात वर करून हळूहळू काहीतरी पसरत होते, जणू चादर. सगळे आत गेल्यावर मला म्हणाले, तूही जा. पहारेकरी अब्दुल मौजूद म्हणाला, मावशी, बिस्मिल्ला म्हणा आणि उतरा, आत कुणी चावत नाही.

उतरले. शेवटच्या दालनात छतभर एक बाई आडवी रंगवलेली आहे, विदाद. गडद निळ्यावर पिवळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबांनी मागाहून सांगितलं, ती म्हणजे आकाश, संध्याकाळी सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून लाल गोळा होऊन चालत जातो आणि पहाटे तिच्या पोटी जन्मतो. मी मनात अल्लाची माफी मागत होते, पण मान खाली होईना. तू पोटात होतीस तेव्हा मी गच्चीवर निजायची, ते आठवत राहिलं. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, रंग आहे ना अजून? मी म्हटलं, आहे. 

दुपारी जवळच्या हाबूच्या जुन्या देवळात गेलो. तिथं एका भिंतीवर लढाईत कापलेल्या हातांचे ढीग कोरलेले आहेत आणि कारकून ते मोजून लिहून घेतायत. हिशेब लिहिणारी माणसं बघून मला जरा आपलंसं वाटलं. पण दुरुस्तीसाठी दोर बांधलेला, म्हणून वळसा घालून यावं लागलं, आणि बाबांची दिशा चुकली. भिंत पाठीमागे राहिली. ते समोरच्या कोऱ्या खांबांकडे हात करून रंगात येऊन सांगत होते. जर्मन एकमेकांकडे बघायला लागले. एका तरुणाला हसू आवरेना. मी पुढे झाले, त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि सारखी करता करता त्यांना भिंतीकडे वळवलं. बोलणं कुठंही तुटलं नाही. लोकांना वाटलं, बायको नवऱ्याची शाल नीट करते आहे.

परतताना गाडीत ते पुटपुटले, किती वळवलंस? मी म्हटलं, पुरतं उलटं. ते म्हणाले, तरीच त्या पोराला माझा विनोद आधीच कळला.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे, की जमत नाही. त्यांना ते सांगावंच लागलं नाही. घरी आल्यावर त्यांनी गळ्यातला वाटाड्याचा परवाना काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, कपाटात ठेव. मला वाटलं, आता रडतील. मी पाणी आणलं. तर विचारतात, त्या छतावरच्या बाईचे पाय कुठल्या बाजूला होते, ते तू सांगितलं नाहीस. मला आठवेना. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. ते बाकावर बसले, मी आत. आता हे दर शुक्रवारी चालतं. मी बघून येते, सांगते, आणि राहिलेलं असलं की ते मला परत आत धाडतात. अब्दुल मौजूद म्हणतो, मावशी, भिंतीच घरी घेऊन जा.

म्हणून हे पत्र तुला नकार कळवायला लिहिलं आहे. तुझी खोली कुणाला तरी दे, पोरी. तुझ्याकडे आले तर ते खिडकीशी बसलेले एक आंधळे म्हातारे होतील. इथं ते उन्हात बसून माझी वाट बघतात, आणि मला वर यायला उशीर झाला तर रागावतात.

तुझीच, डोंगराखालची,
आई